उसण भरली, एवढंच

कुंडी फार मोठी नव्हती. पाच-सहा किलोची असेल. उन्हातून सावलीत घ्यायची होती. मी कमरेत वाकले, दोन्ही हातांनी ती उचलली आणि पाय न हलवता तशीच डावीकडे वळले. पाठीत मधोमध काहीतरी काडकन झालं. आवाज खरंच आला की नुसतं आतल्या आत जाणवलं, हे मला आजही सांगता येणार नाही. कुंडी मी सोडली नाही. हळूच खाली ठेवली, तिच्याशेजारी बसले आणि मग उठताच येईना.

तेव्हा मी ६२ वर्षांची. पडले नव्हते, कुठे आपटले नव्हते, त्यामुळे हाड मोडल्याची शंका कुणाला यायचं कारणच नव्हतं. "उसण भरली असेल," हे म्हणाले आणि शेकायची पिशवी घेऊन आले. मलाही पटलं. उसण काय, दोन दिवसांत उतरते.

ही उतरेना. पाचव्या दिवशीही कूस बदलायची म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. उताणं निपचित पडून राहिलं तर फारसं दुखायचं नाही, पण उठून बसायला गेलं की जीव जायचा. पाठीतून निघालेली कळ पट्ट्यासारखी बरगड्यांना वळसा घालून पोटावर यायची. एका रात्री मुलगी घाबरून मला ईसीजी काढायला घेऊन गेली. तो व्यवस्थित आला. हृदय ठीक आहे म्हटल्यावर सगळे निश्चिंत झाले आणि पाठीचा विषय मागे पडला.

पहिल्या डॉक्टरांनी मला उभ्याउभ्याच तपासलं. "आजी, या वयात मणक्यात गॅप येतोच," असं म्हणून कमरेचा पट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि व्यायामाचा एक छापील कागद हातात ठेवला. 'आजी' जरा लागलं, पण 'गॅप' पटलं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या मणक्यात गॅप आहे. गॅप म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्यातल्या कुणाला सांगता येणार नाही. मलाही तेव्हा आलं नसतं.

कागदावर गुडघे छातीशी घेणं होतं, पाय पसरून अंगठे धरणं होतं, झोपलेल्या स्थितीतून हात न टेकता उठून बसणं होतं. मी जन्मभर शाळेत शिकवलेलं. दिलेला गृहपाठ न करणं माझ्या रक्तात नाही. तीन आठवडे दातओठ आवळून सगळं केलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दुखणं पहिल्या दिवसापेक्षा वाढलेलं होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

चुकत होता तो कागद. पुढे कळलं की १९८४ साली अमेरिकेत हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांवर याचाच अभ्यास झाला होता. पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे आणखी मणके दबले. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के. अभ्यास लहान आहे, मान्य. पण मणक्याची पुढची बाजू आधीच खचलेली असताना पुढे वाकून सगळा भार पुन्हा तिच्यावरच टाकायचा, यातला धोका कळायला फार हुशारी लागत नाही.

पाचव्या आठवड्यात मुलगी मला दुसरीकडे घेऊन गेली. या डॉक्टरांनी पाठीला हात लावण्याआधी विचारलं, "काकू, तुमची उंची किती?"

"१५६ सेंटिमीटर," मी ठामपणे सांगितलं. जन्मभर प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलेलं.

त्यांनी भिंतीला टाचा लावून उभं केलं. पाठ टेकली, डोकं टेकेना. भिंत आणि डोक्याचा मागचा भाग यांच्यामध्ये त्यांचा अख्खा पंजा आडवा गेला. उंची भरली १५०.५. मी म्हटलं, तुमची पट्टी तपासून घ्या. ते हसले आणि पुढचे दोन प्रश्न विचारले. पाळी कधी गेली? ४३ व्या वर्षी, ऑपरेशनमध्ये गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तेव्हा. स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का? हो, दम्यासाठी; वर्षातून तीन-चार वेळा, आठ-दहा दिवसांचे कोर्स, कितीतरी वर्षं. मग त्यांनी मुठीने माझ्या पाठीचा कणा वरून खाली हलकेच ठोकत आणला. एका जागी मी किंचाळलेच.

एक्स-रे बाजूने काढला. पडद्यावर मणके एकावर एक रचलेल्या चौकोनी डब्यांसारखे दिसत होते. त्यांतला एक डबा चौकोनी नव्हता. मागची बाजू जागच्या जागी, पुढची खचलेली, म्हणजे चक्क पाचर. डी-१२, म्हणजे छातीमागच्या बारा मणक्यांपैकी शेवटचा. बरगड्यांचा पिंजरा संपतो आणि कंबर सुरू होते त्या सांध्यावरचा. वरचा भाग बरगड्यांनी आवळलेला, खालचा मोकळा, त्यामुळे मोडायची ही नेहमीची जागा. पुढची उंची ४० टक्क्यांहून जास्त गेली होती.

"हे फ्रॅक्चर आहे, काकू."

"पण मी पडले कुठे?"

"पडावं लागत नाही. हाड इतकं पोकळ झालं की वाकून उचललेली कुंडी पुरते. काहींचा मणका जोरात शिंकल्यानेही मोडतो."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. पाच आठवडे मी घरात नाजूक, कुरकुरी, वयाचं भांडवल करणारी बाई झाले होते. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं आणि कुणी पाण्याचा पेलाही उचलू दिला नसता. मणका मोडला तर त्याला दबला म्हणतात, झिजला म्हणतात, गॅप म्हणतात. 'मोडला' हा साधा शब्द वापरायला पाच आठवडे लागले.

प्रत्यक्षात लागली होती तीन वर्षं. जुने एक्स-रे असतील तर आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी दम्याने फार धाप लागली तेव्हा छातीचे दोन एक्स-रे काढले होते, एक समोरून, एक बाजूने. तो लिफाफा कपाटात तसाच होता. डॉक्टरांनी बाजूचा फोटो उजेडासमोर धरला आणि बोट ठेवलं. डी-८. छातीच्या मधोमधचा मणका, तोही पाचरीसारखा, जरा कमी खचलेला. सोबतच्या अहवालात फुप्फुसांबद्दल चार ओळी आणि हृदयाच्या आकाराबद्दल एक. मणक्याबद्दल अवाक्षर नाही. ज्याने बघितलं, तो फुप्फुसं बघत होता.

असं माझ्याच बाबतीत झालेलं नाही. ठिसूळ हाडांमुळे मोडणाऱ्या मणक्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश त्या वेळी ओळखलेच जात नाहीत. काही फारसे दुखत नाहीत, काही उसणीच्या नावावर खपतात. आणि एक मोडला की पुढच्या वर्षभरात पाचांपैकी एकीचा दुसरा मोडतो. मला तीन वर्षांची सवलत मिळाली होती आणि ती मी त्याच स्टेरॉइडच्या गोळ्या घेण्यात घालवली.

कारण ती धाप. हे गणित मांडताना डॉक्टरही क्षणभर गप्प झाले. छातीतला मणका दबला की पाठ पुढे झुकते, बरगड्या एकमेकींवर येतात, फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते. मला धाप लागायची, सगळे म्हणायचे दमा वाढलाय, की पुन्हा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे त्या स्टेरॉइडचा, कोर्स. त्या गोळ्या हाड बांधणाऱ्या पेशींना झोपवतात. म्हणजे मोडक्या मणक्यामुळे लागलेल्या धापेवर मी मणके मोडणारं औषध घेत होते. सगळी धाप मणक्याची होती असं नाही. दमाही खराच होता. गोळ्या मी मनाने बंद केल्या नाहीत, तसं करणं जिवावर बेतू शकतं. छातीच्या डॉक्टरांशी बोलून श्वासातून घ्यायची औषधं बदलली आणि त्यानंतर गोळ्यांची वेळ एकदाच आली.

पुढचे दहा दिवस तपासण्यांचे. एमआरआयमध्ये डी-१२ च्या आत सूज दिसली, म्हणजे मोड ताजा. डी-८ शांत, म्हणजे जुना आणि भरलेला. तपासणीपेक्षा त्या कडक फळीवर अर्धा तास सरळ पडणं हीच शिक्षा होती. मग रक्त: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड. आणि प्रथिनांची एक वेगळी तपासणी. ती कशाला, हे मी विचारलं. मणका कधी कधी अस्थिमज्जेच्या कॅन्सरनेही असाच दबतो, ते नाही ना हे पाहून घेतलेलं बरं, असं उत्तर आलं. तो अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. तसलं काही निघालं नाही. ड जीवनसत्त्व मात्र तळाला होतं.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली तेव्हा आणखी एक गोंधळ. खुब्याच्या हाडाचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.९, कमरेचा उणे १.८. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली रेषा उणे २.५ ची, त्या रेषेवर किंवा तिच्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझी कंबर रेषेच्या वर, मग दोष पाठीत कसा? डॉक्टरांनी समजावलं की कमरेच्या मणक्यांना वयानुसार हाडाचे काटे फुटलेले असतात. यंत्र त्यांनाही घनता म्हणून मोजतं. मोजणीच्या भागातला मणका दबलेला असेल तर त्याचा खनिजाचा साठा कमी जागेत कोंबला जातो आणि तोही आकड्याने चांगला दिसतो. "आणि हे सगळं बाजूला ठेवा," ते म्हणाले. "साधी कुंडी उचलून मणका मोडला, इथेच निदान झालं. आकडा काहीही येऊ दे."

नात्यातल्या एकांनी सिमेंटचा आग्रह धरला. मणक्यात सुईने सिमेंट भरलं की दुसऱ्या दिवशी चालायला लागतात म्हणे. विचारलं. २००९ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काहींना खरं सिमेंट भरलं आणि काहींना नुसती सुई टोचून भरल्याचं नाटक केलं. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. बहुतेकांचा मोड सहा ते बारा आठवड्यांत आपोआप भरत येतो. मी थांबले. नवव्या आठवड्यात एका सकाळी चूळ भरून झाल्यावर लक्षात आलं की बेसिनवर वाकताना मी श्वास रोखला नव्हता.

त्या नऊ आठवड्यांत मला फिजिओथेरपिस्ट मुलीने अंथरुणातून उठायला शिकवलं. साठी उलटल्यावर! आधी दोन्ही गुडघे दुमडायचे. मग खांदा आणि नितंब एकाच वेळी वळवायचे, ओंडका गडगडतो तसे. मधे पीळ पडता कामा नये. पूर्ण कुशीवर आलं की पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा पंजा रेटून वर यायचं. पाय खाली जातात त्या भाराने धड वर येतं, पाठीला काही करावं लागत नाही. पहिल्या दिवशी याला मला सात मिनिटं लागली. ती मुलगी घड्याळाकडे न बघता उभी राहिली, हे तिचे उपकार.

बाकी नियम थोडे. खालचं काही उचलायचं तर कंबर ताठ ठेवून गुडघ्यांत बसायचं, वस्तू पोटाशी धरायची, वळायचं तर पायांनी. शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला हात. पट्टा काही आठवडेच, नाहीतर पाठीचे स्नायू आळशी होतात. दुखणं कमी झाल्यावर पोटावर झोपून छाती जराशी वर उचलायचा व्यायाम आला. पहिल्या दिवशी माझी छाती चादरीपासून एक बोटभरही सुटली नाही.

दुखणं गेलं म्हणजे सगळं गेलं, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. मोडलेला मणका भरतो तो मोडलेल्या आकारातच. गेलेले साडेपाच सेंटिमीटर परत आले नाहीत. माझ्या शेवटच्या बरगडीत आणि कमरेच्या हाडात आता जेमतेम दोन बोटं मावतात. मधल्या पोटाला जायला जागा नाही, म्हणून ते पुढे आलंय; वजन तेच आणि पोट सुटलंय. चार घास खाल्ले की भरतं, रात्री आंबट वर येतं. दिवसात सहा वेळा थोडं थोडं खावं लागतं. कपडे पुढून लोंबायचे आणि मागून वर चढायचे. दोन वर्षं मी शिवणाऱ्याला बोल लावत होते. वरच्या फळीवरचा डबा हाताला येईना तेव्हाही मला फळीचीच शंका आली होती.

आणि आई आठवली. शेवटची दहा वर्षं तिला पोक आलं होतं. अर्धं ताट टाकून उठायची, रात्री बसून डुलक्या घ्यायची. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी चवच गेली हिची. येता-जाता तिच्या पाठीवर थाप मारून मी सांगायचे, "आई, ताठ बस गं." तिच्या पाठीचा एक्स-रे कुणी कधी काढला नाही.

औषध ठरलं टेरिपॅराटाइड. रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर, आपलं आपण टोचायचं. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, एक पेन २८ दिवस. हे पॅराथायरॉइड संप्रेरकाचाच एक तुकडा आहे. गंमत अशी की हे संप्रेरक शरीरात सतत वाढलेलं राहिलं तर हाड खातं, आणि दिवसातून एकदा झटका दिल्यासारखं आलं तर हाड बांधतं. हाड राखणारी बाकीची औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात. माझ्या बांधणाऱ्या पेशीच गोळ्यांनी झोपवलेल्या, म्हणून आधी त्यांना उठवायचं ठरलं. पहिली दोन इंजेक्शनं घेतल्यावर उभं राहताना गरगरलं, तेव्हापासून पलंगावर बसूनच घेत आले. पोटऱ्यांत गोळे यायचे. टोचायची भीती आठवड्यात गेली, रोज टोचायचा कंटाळा मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

हे सहसा दोन वर्षंच देतात. पुढे काही दिलं नाही तर कमावलेलं हाड पुन्हा उतरणीला लागतं, म्हणून आता वर्षातून एकदा हाडाची झीज आवरणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन. त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दात काढायचा असेल तर आत्ताच काढा, कारण या औषधावर असताना क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. एक दाढ गेली. पहिल्या सलाइननंतर दोन दिवस ताप आणि अंग मोडून आलं. तसं होतं, हे सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही.

दोन वर्षांत नवा मणका मोडलेला नाही. खुब्याचा आकडा उणे २.६ वर आलाय. उंची दर सहा महिन्यांनी मोजतात, ती १५०.५ वरच आहे. तो आकडा ऐकताना माझे हात अजूनही गार पडतात. कुंड्या आहेत तिथेच आहेत. त्यांना ऊन लागेल तेवढं लागतं.

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. पाठीत चमक भरलीय, चार दिवस झाले, शेकतेय म्हणाली. ती ५९ ची.

"तुझी उंची मोजलीस का?"

"ताई, पाठ दुखतेय माझी. उंची काय मोजू?"

"मोज. आत्ता."

"मागे मोजली होती की. १५४."

"मागे म्हणजे?"

फोनवर जरा वेळ शांतता. "लग्नाआधी असेल," ती म्हणाली. मग टेप शोधायला गेली. मी ओरडून सांगितलं, टेप स्वतः धरू नकोस, कुणालातरी बोलव, टाचा भिंतीला लाव आणि बघ, डोकं भिंतीला टेकतंय का.